त्रिशंकूच्या देशांत

प्रवासवर्णन लिहिणारा मनुष्य बहुधा देश पाहावयास निघतो, आणि परत आल्यावर त्या देशाविषयीं चार शब्द लिहितो. माझी गोष्ट थोडी निराळी आहे. न्यूझीलंडला मी गेलों तो देश पाहण्यासाठीं नव्हे. घरांतील एका माणसास परत आणण्यासाठीं गेलों. तो देश पाहणें हें ओघानेंच झालें.

आम्ही तिघे बंधु पुण्यांत एकाच छपराखालीं नांदतों. थोरले बंधु, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों, ते सरकारी बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेले. त्यांची एकुलती एक कन्या २०१३ सालीं भूकंपांत टिकाव धरणाऱ्या इमारतींचें शास्त्र शिकावयास क्राइस्टचर्चला गेली, शिकली, तेथेंच नोकरीस लागली, आणि पांच वर्षें झालीं तरी परतण्याची भाषा काढीना. दादा बोलून दाखवीत नसत. परंतु दिवाळींत तिचें ताट मांडावयाचें नाहीं, ही गोष्ट दरवर्षीं त्यांच्या नव्यानें ध्यानांत येई. अखेर २०१८ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मला बोलावून सांगितलें, "तूं शाळेंतून मोकळा झाला आहेस. जाऊन ये. तुझें ती ऐकेल."

मीं पत्र टाकलें. उलट उत्तर आलें: "काका, येणारच असाल तर मोटारींतून डोकावून जाऊं नका. पाठीवर सामान टाकून डोंगरांतून चालूं. राजगड-तोरणा तुम्हीच मला दाखवलात. हे डोंगर मी तुम्हांला दाखवतें." साठी उलटलेल्या माणसाला असें आमंत्रण मिळालें तर नाहीं म्हणवत नाहीं.

त्या देशाची पहिली ओळख मला माझ्या बुटांनीं करून दिली. विमानतळावर अधिकाऱ्यानें विचारलें, "हे बूट शेवटचे कोठें वापरले होते?" मीं सांगितलें, "राजगडावर." त्यानें ते आंत नेले, तळव्यांच्या खांचांतील माती धुवून काढली, औषधाचें पाणी मारलें आणि ओले बूट अदबीनें माझ्या हातीं ठेवले. भाजणी आणि मेतकूट यांची नोंद मीं कागदावर प्रामाणिकपणें केली होती म्हणून तीं बऱ्याच चौकशीअंतीं सुटलीं. लपवून नेलें असतें तर जागच्या जागीं दंड झाला असता.

या कडकपणाचें कारण फार जुनें आहे. सुमारें ८ कोटी वर्षांपूर्वीं ही भूमि गोंडवन नांवाच्या महाखंडापासून तुटून समुद्रांत एकटी पडली. त्या महाखंडाचें नांव आपल्या मध्य हिंदुस्थानांतील गोंडवनावरूनच पडलेलें आहे, म्हणजे नातें अगदींच परकें नव्हे. या एकटेपणांत तेथें वटवाघळांखेरीज जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. भय नाहीं म्हणून कित्येक पक्षी उडणेंच विसरले. किवि, काकापो, ताकाहे हे त्यांपैकींच. पुढें माणूस आला, त्याच्या गलबतांतून उंदीर आले, मागाहून मुंगुसासारखा चपळ स्टोट मुद्दाम आणला गेला, आणि बिचाऱ्या पक्ष्यांचा संहार झाला. २०५० सालापर्यंत हे शत्रु नाहींसे करावयाचे असा संकल्प तेथील सरकारनें २०१६ सालीं सोडला. अशा देशानें माझ्या बुटांची झडती घेतली यांत नवल काय!

क्राइस्टचर्च हें शहर सपाटीवर वसलेलें, झाडांचें आणि शांत नदीचें. परंतु त्याच्या मध्यभागीं मोठमोठे रिकामे चौथरे पाहून माझें मन चरकलें. २२ फेब्रुवारी २०११ रोजीं दुपारीं तेथें भूकंप झाला आणि १८५ माणसें गेलीं. चौकांतील जुन्या दगडी ख्रिस्तमंदिराचा मनोरा कोसळला. मीं पाहिलें तेव्हां तें भग्न स्थितींत कुंपणाआड उभें होतें, आणि त्याच्या छपरांत कबुतरांनीं घरें केलीं होतीं. जवळच शिगेरु बान या जपानी स्थपतीनें जाड कागदाच्या नळ्यांचा उपयोग करून बांधलेलें तात्पुरतें मंदिर आहे. तें २०१३ सालीं उघडलें. पुतणीनें मला तें आंतून-बाहेरून दाखविलें. कोणती तुळई धक्का कसा सोसते हें ती समजावून सांगत होती, आणि मला मात्र दादांचा आवाज ऐकूं येत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां दादा तेथें गेले होते ते कित्येक महिने तेथेंच राहिले. रात्रीं झोपेंत अंगावर पडलेल्या मातीच्या आणि दगडांच्या भिंतींविषयीं ते नंतर जेवतांना बोलत. ही मुलगी त्या वेळीं पांच वर्षांची असेल. ताटावर बसून ऐकत असे.

दादांचा निरोप त्या दिवशीं मीं सांगितला नाहीं. प्रवास मोठा आहे, वेळ पाहून बोलूं, असें मनाशीं ठरविलें.

दुसऱ्या दिवशीं सार्वजनिक मोटारीनें आम्ही टेकापो सरोवरास पोंचलों. पाठीवर प्रत्येकीं बाराएक किलोंचा बोजा. तंबू, शिधा, छोटी शेगडी, लोकरीचे कपडे, पावसाळी अंगरखा; याहून अधिक कांहीं नाहीं. आयुष्यांत प्रथमच माझा सर्व संसार माझ्याच पाठीवर होता, आणि तो इतका थोडा पुरतो हें पाहून आश्चर्य वाटलें.

टेकापोच्या पाण्याचा रंग पाहून कोणी त्यांत रंग कालविला असावा असेंच वाटतें. निळा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर दुधाळ. सराफाकडील पेरोजाचा खडा आठवावा. वरच्या हिमनद्या सरकतांना खालचा खडक जात्यांत दळल्यासारखा दळतात, आणि तें पीठ इतकें बारीक असतें कीं महिनोन् महिने तळाशीं न बसतां पाण्यांत तरंगतें; त्यावर ऊन पडलें कीं हा रंग उमटतो. कांठावर १९३५ सालीं बांधलेलें एक लहानसें दगडी प्रार्थनामंदिर आहे, आणि शेजारीं मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या गौरवार्थ उभारलेला एका कुत्र्याचा पुतळा. या साऱ्या माळास मॅकेंझी हें नांव आहे तें कोणा गव्हर्नराचें नव्हे, १८५५ सालीं हजार मेंढ्यांसह पकडल्या गेलेल्या एका मेंढीचोराचें! चोराच्या नांवानें प्रांत ओळखला जावा, आणि लोकांनीं तें कौतुकानें सांगावें, ही त्या नव्या देशाची गंमत.

याच माळावरील एका मेंढवाड्याचा मालक बिल हॅमिल्टन यानें १९५० नंतरच्या दशकांत एक नवी होडी सिद्ध केली. येथील नद्या उथळ आणि गोट्यांच्या. साध्या यंत्रहोडीचें पातें दगडावर आपटून मोडे. म्हणून त्यानें पाणी आंत ओढून मागें जोरानें फेकणारें यंत्र बसविलें. वाचकांस हें सांगावयाचें कारण असें कीं, १९७७ सालीं एव्हरेस्टवीर हिलरी अशाच तीन होड्या घेऊन गंगासागरापासून गंगेच्या उलट प्रवाहानें हिमालयाकडे निघाला, आणि नंदप्रयागाजवळ धबधब्यानें वाट अडवीपर्यंत चढून गेला. आपल्या भागीरथीनें ज्या होड्यांना अंगावर खेळविलें, त्यांचा जन्म या कोरड्या माळावरचा!

टेकापोची रात्र मी विसरणार नाहीं. येथील आकाश निर्मळ राहावें म्हणून दिव्यांवर निर्बंध आहेत, आणि २०१२ पासून हा भाग अंधाराचें राखीव क्षेत्र म्हणून मान्यता पावला आहे. सरोवराच्या कांठीं आम्ही उताणे पडलों. ओळखीचा मृग उत्तरेकडे, आणि तोही उलटा, डोकें खालीं पाय वर! दक्षिणेस ढगाच्या दोन पुंजक्यांसारखे मॅगेलनचे मेघ. आणि त्यांच्या अलीकडे चार तेजस्वी ताऱ्यांचा त्रिशंकू.

माझ्या तोंडून सहज निघून गेलें, "तुझे बाबा म्हणतात, आमच्या मुलीचा त्रिशंकू झाला. ना इकडची, ना तिकडची."

ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "काका, आपल्या गच्चीवरून त्रिशंकू कसा दिसतो?"

"वैशाखांत दिसतो. दक्षिणेला, अगदीं खालीं. थोडा वर येतो न येतो तों मावळतो."

"इथून तो कधींच मावळत नाहीं. बारा महिने, रात्रभर डोक्यावर फिरत असतो. लटकलेला दिसतो तो आपल्याकडून."

ज्योतिषदृष्ट्या तिचें म्हणणें अगदीं खरें होतें, म्हणून मला उत्तर सुचलें नाहीं.

तेथून आओराकी. कुकचें नांव ज्यास दिलें होतें त्या या शिखराची उंची ३,७२४ मीटर. १९९१ सालीं त्याच्या माथ्यावरील बर्फ आणि खडक ढांसळून पडले; त्यानंतर उंची पुन्हां मोजावी लागली. माओरी लोकांची कथा अशी: आकाशपित्याचे पुत्र आओराकी आणि त्याचे बंधु होडींतून समुद्रावर आले. होडी खडकावर अडकून कलली. सर्व भाऊ तिच्या वर उचललेल्या काठावर चढून बसले, आणि थंड वाऱ्यानें तेथेंच शिळा झाले. होडी म्हणजे हें दक्षिण बेट, भाऊ म्हणजे हीं शिखरें, आणि थोरला भाऊ सर्वांत उंच. नाई ताहू जमातीशीं १९९८ सालीं जो समझोता कायद्यानें झाला त्यांत शिखरास आओराकी हें मूळ नांव परत मिळालें. अगदीं माथ्यावर पाऊल ठेवूं नये अशी त्या जमातीची इच्छा आहे. कैलासाची प्रदक्षिणा करणाऱ्या पण माथ्यावर न चढणाऱ्या आपल्या लोकांना ही इच्छा समजावून सांगावी लागत नाहीं.

शिखराच्या पायथ्याशीं हूकर नांवाच्या दरींतून पांचेक किलोमीटरांची सुखाची वाट आहे. तीन झुलते पूल ओलांडले कीं करड्या पाण्याचें सरोवर लागतें, आणि त्यांत हिमखंड तरंगत असतात. देखावा अवर्णनीय, परंतु त्याचा अर्थ कळला तेव्हां आनंद ओसरला. शेजारच्या टास्मन हिमनदीच्या पायथ्याशींही असेंच मोठें सरोवर आहे. १९७० च्या सुमारास तेथें सरोवर असें नव्हतेंच. उष्मा वाढतो आहे, बर्फ मागें सरतें आहे, आणि रिकाम्या जागीं पाणी भरतें आहे. क्राइस्टचर्चच्या त्या भूकंपाच्या धक्क्यानें टास्मनच्या तोंडाचा सुमारें ३ कोटी टन बर्फाचा कडा तुटून सरोवरांत कोसळला होता. हिलरीनें १९३९ सालीं पहिलें शिखर सर केलें तें याच परिसरांत; त्यानें पाहिलेल्या कित्येक हिमनद्या आज ओळखूं आल्या नसत्या.

पुढें वनाका गांवावरून हास्टची खिंड ओलांडून आम्ही पश्चिम किनाऱ्यास उतरलों, आणि जणुं घाट उतरून कोंकणांत आलों. पूर्वेस कोरडा माळ, पश्चिमेस दाट, ओलें, नेच्यांनीं आणि शेवाळानें भरलेलें अरण्य. पर्जन्याचा न्याय सह्याद्रीसारखाच. समुद्रावरून येणारे वारे डोंगराच्या पश्चिम अंगावर सारें रितें करतात.

येथें कोपलंड नदीच्या दरींतून अठरा किलोमीटर चालत गेलें कीं उन्हाळीं लागतात. सडकेपासून जवळच एक ओढा पायांनींच ओलांडावा लागतो. जातांना पाणी पोटरीएवढें होतें. सातआठ तास चालून सायंकाळीं झोपडीवर पोंचलों. अशा नऊशेंहून अधिक झोपड्या सरकारनें डोंगरांत ठेविल्या आहेत. आंत फळ्यांचे बिछाने, पाण्याची टांकी, आणि एक वही. कोण आलें, कोठून आलें, पुढें कोठें जाणार, हें त्या वहींत लिहावयाचें. कोणी हरवला तर शोध घेणाऱ्यांस तोच आधार. आम्हीं मुगाची खिचडी शिजविली, मेतकूट घातलें, आणि शेजारच्या जर्मन मुलास दिलें. मग अंधारांत त्या ऊन कुंडांत गळ्यापर्यंत बसलों. वज्रेश्वरीची आठवण झाली. मात्र येथें भोंवतीं हिमशिखरें होतीं.

रात्रीं पाऊस लागला. दुसरा दिवस झोपडींतच काढला. तिसऱ्या दिवशीं उघडीप पाहून निघालों, पण दुपारीं पुन्हां जोराची सर आली. सहा तास चालून त्या शेवटल्या ओढ्यापाशीं आलों तों पाहतों काय, पोटरीभर पाण्याच्या जागीं तांबूस करड्या पाण्याचा लोंढा! पलीकडे झाडींतून सडकेवरील मोटारींचा आवाज ऐकूं येत होता. आमची मोटार तासाभरांत सुटणार होती. पात्राची रुंदी फार तर वीस पावलें. मीं बुटांचे बंद आवळले.

"काका, थांबा. ऐका."

मीं कान दिला. पाण्याच्या गर्जनेखालीं आणखी एक आवाज होता. घरंगळणारा, ठोक ठोक असा. तळाशीं धोंडे वाहत होते.

"धोंडे चालले असतील तर पाय टाकायचा नाहीं. वर अर्ध्या तासावर पूल आहे, पुराच्या वेळेसाठीं बांधलेला. तिकडून जाऊं."

भिजलों होतों, दमलों होतों, गुडघा ठणकत होता. आणि खरें सांगावयाचें तर इतके दिवस मनांत दाबून ठेविलेलें होतें तें भलत्याच वेळीं बाहेर पडलें. मी म्हणालों, "तुला सगळ्याच गोष्टींत लांबची वाट हवी. घर समोर दिसत असतां तुला भलतीकडून वळसा घालून जायचें असतें. तिकडे तुझे बाबा दिवाळीला तुझ्या पाटाकडे पाहत बसतात, तें तुला दिसत नाहीं."

ती रागावली नाहीं. डोक्यावरची टोपी सारखी करीत म्हणाली, "बाबांनीं तुम्हांला कशासाठीं पाठवलें तें मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण काका, किल्लारीला गेलेले बाबा दसऱ्याला आले नाहींत, दिवाळीला आले नाहींत. तेव्हां आजी रडली होती. आपण कुणी त्यांना त्रिशंकू म्हटलें नाहीं. मी त्यांच्यावरच गेलें आहें." मग थोडें थांबून म्हणाली, "आतां वर चला. अंधार पडेल."

आम्ही चढलों. निसरडीं मुळें, गुडघाभर चिखल. त्या अर्ध्या तासांत आम्ही एक शब्द बोललों नाहीं. पूल आला. अरुंद, तारांवर टांगलेला, एका वेळीं एकानेंच जावयाचा. तिनें प्रथम त्याचे तारांचे बांध हातानें चांचपून पाहिले, खाली वांकून तळपट्टी पाहिली, आणि मग मला म्हणाली, "तुम्ही पुढें व्हा." मध्यावर येऊन मीं खालीं पाहिलें. जेथून मी उतरणार होतों तें पाणी बैलाएवढ्या धोंड्यावरून फेंसाळत उडी घेत होतें. या देशांत वसाहतीच्या काळीं नद्या ओलांडतांना इतकीं माणसें बुडालीं कीं बुडण्यास 'न्यूझीलंडचा मृत्यु' असेंच म्हणूं लागले होते, हें मला नंतर समजलें. त्या क्षणीं एवढेंच समजलें कीं, मी जिला बोट धरून परत न्यावयास आलों होतों, तिनें मला आतां बोट धरून आणलें होतें.

मोटार अर्थातच चुकली. सडकेच्या कडेला तंबू ठोकला, चहा केला. चहा पितांना मीं तिला म्हटलें, "तुझ्या बाबांना काय सांगूं?" ती म्हणाली, "पाहिलेंत तें सांगा."

शेवटचा मुक्काम मिलफर्ड, माओरी भाषेंत पिओपिओताही. समुद्राचा हात डोंगरांत घुसलेला, आणि पाण्यांतून सरळ उठलेलें सुमारें १,६९० मीटरांचें मायटर शिखर. पाऊस आंबोलीच्या तोडीचा, वर्षास साडेसहा हजार मिलिमीटरांच्या घरांत. तो कोसळूं लागला कीं कड्याकड्यावरून शेंकडों धबधबे सुटतात. कथा अशी कीं, तू-ते-राकी-व्हानोआ नांवाच्या देवानें आपल्या वांकसानें हे कडे तासून काढले. परशुरामानें समुद्र हटवून कोंकण निर्मिलें, असें ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या चित्पावनास हा देव लगेच ओळखीचा वाटला! कार्य पुरें झाल्यावर मृत्युदेवता तें पाहावयास आली. स्थळ इतकें सुंदर कीं मनुष्यें येथून हलणारच नाहींत, या भयानें तिनें चावऱ्या माश्या सोडल्या. त्या माश्या आजही आपलें काम चोख बजावतात. दोन रात्रींत माझे घोटे सुजले आणि मी निमूटपणें परत निघालों.

ज्या वाचकांस जावेंसें वाटेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. नोव्हेंबर ते एप्रिल हा चालण्याचा हंगाम. मिलफर्डची सुप्रसिद्ध चार दिवसांची वाट ५३ किलोमीटरांची आहे, आणि तिच्या झोपड्यांतील जागा फार आधीं राखून ठेवावी लागते; आम्हांस ती मिळाली नाहीं. सुती कपडे नकोत, लोकर न्यावी. खाण्याचा प्रत्येक जिन्नस कागदावर लिहावा. बूट घरूनच घासून न्यावे. आणि नदी वाढली असेल तर थांबावें. चुकलेली मोटार दुसऱ्या दिवशीं मिळते.

घरीं पोंचलों त्या रात्रीं जेवणें झाल्यावर दादा गच्चीवर आले. मीं सारें सांगितलें. माझें रागावणें, तिचें उत्तर, कांहीं वगळलें नाहीं. किल्लारीचें नांव निघालें तेव्हां त्यांनीं मान दुसरीकडे वळविली. बराच वेळ गेला. मग त्यांनीं एकच प्रश्न केला.

"तो पूल कसा होता? तारा किती होत्या?"

मला तारा मोजावयाचें सुचलें नव्हतें. दादा म्हणाले, "तिला विचारायला हवें," आणि दूरध्वनि करण्यासाठीं खालीं गेले. त्या रात्रीं बापलेकींचें बोलणें तासभर चाललें होतें. परत येण्याविषयीं त्यांत एकही शब्द नव्हता, असें वहिनींनीं मागाहून सांगितलें. पुढील वर्षाच्या आरंभीं दादांनीं पारपत्र काढलें, आणि एके सकाळीं ते मागील अंगणांत नव्या ब्रशानें आपले जुने बूट घासतांना मला दिसले.